शनिवारी नातवाला कुठे नेऊ? पुणेकरांनो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नातू पावणेदोन वर्षांचा आहे. येत्या शनिवारी मुलगा-सून दोघंही कामावर, त्यामुळे सकाळभर स्वारी आमच्या ताब्यात. मोबाईल दाखवत घरी बसायचं नाही, एवढंच ठरलंय.

ह्यांचं म्हणणं, सरळ कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाऊ. पण ते केवढं पसरलेलं! माझे गुडघे आणि नातवाचं ‘कडे घे’ एकदम सुरू झालं की संपलंच. तिथे बॅटरीवरची गाडी असते ना? शनिवारी ती सहज मिळते, की रांगेतच पोरगं झोपून जाईल?

माझा कल पेशवे पार्ककडे. तिथली छोटी आगगाडी, फुलराणी, 1956 पासूनची. मुलालाही आम्ही तिच्यातच फिरवलं. पण इतक्या लहान मुलाला मांडीवर घेऊन बसू देतात का? सकाळची पहिली फेरी किती वाजता?

खरं सांगू? आमच्या साहेबांना वाघ-सिंहाचं काही पडलेलं नाही. खडा दिसला की तिथेच फतकल मारायची, खडा उचलायचा, त्यावर फुंकर घालायची आणि माझ्या पर्समध्ये टाकायचा. तेव्हा शेजारच्या सारसबागेत सावलीची, जरा कमी गर्दीची जागा कुठे सापडेल तेही सांगा. डायपर बदलायची काही सोय आहे का?

स्वारगेटपर्यंत मेट्रोने यायचा विचार आहे. बाबागाडी घेऊन लिफ्टने थेट रस्त्यावर निघता येतं का? मऊ भात घरूनच आणणार आहे. बाहेरचं काही भरवू नका अशी सूनबाईंची ताकीद आहे, आणि ती रास्तच आहे.

नुकतंच कोणी लहान मूल घेऊन गेलं असेल तर शुक्रवारपर्यंत जरूर कळवा.