पाहुणा कुत्रा आणि द्राक्षांची पेटी

मालक बाहेरगावी गेला की काही दिवस आपल्या घरी राहायला येणाऱ्या पाहुण्या कुत्र्याला घरचं अन्न द्यावं की पाकिटातलं, यावर बराच काथ्याकूट होतो. मालक रोज जे देतो तेच द्यावं, आणि ते त्याच्याकडूनच मागून घ्यावं. नव्या घरी बरेच कुत्रे पहिल्या दिवशी ताटलीकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून लगेच चिकन उकडून लाड सुरू केले की पोट बिघडतं, मग गॅलरी धुवा.

नाशिकमध्ये खरी काळजी द्राक्षांची. जानेवारी ते मार्च कुणाच्या ना कुणाच्या मळ्यातली पेटी घरात येतेच, आणि ती जमिनीवरच ठेवतो आपण. आमच्याकडे येणारा लॅब्रॅडॉर नाकाने कागद बाजूला सारतो, तोही आवाज न करता! द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर, ते प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं. तेव्हा 'दोनच तर खाल्ली' म्हणत थांबू नका, तडक डॉक्टरांना फोन लावा. कांदाही वाईटच, कच्चा असो वा शिजलेला. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मिसळीच्या रश्शात तो दिसत नाही, एवढंच.

लसीचं कार्ड बघितल्याशिवाय कुत्रा ठेवून घेऊ नका. रेबीजची लस बरेच जण देतात, पण बाकीच्या लसींची तारीख कधीकधी उलटून गेलेली असते. आणि मालकाच्या डॉक्टरांचा नंबर आधीच घेऊन ठेवा, मालक विमानात असला की फोन लागत नाही.