मदत हवी आहे : इतिहास शिक्षकांसाठी मराठीतून प्रशिक्षण

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मराठी शाळेत इतिहास शिकवतो. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये जिथे फाशी दिली, त्या नंदगडला आठवीच्या मुलांना नेले असता एका मुलीने वही उघडून विचारले, "सर, हे असेच घडले हे कशावरून कळते?" पुस्तकातले उत्तर मी दिले, पण शिलालेख, जुने कागद आणि गावातील आठवणी ताडून पाहायला मुलांना कसे शिकवावे, याचे प्रशिक्षण मला कधीच मिळालेले नाही, आणि ही उणीव मनाला लागून राहिली आहे. मोडी वाचनासह हे शिकवणारा, सुटीत करता येण्याजोगा मराठी अभ्यासवर्ग कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. हलशीच्या कदंबकालीन मंदिरावर किंवा १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनावर कोणी असा पाठ घेतला असल्यास त्याचे टाचणही पाठवावे.