क्रीटमधे डोंगर चढायचेत, मे अखेर. प्सिलोरीतिस की पाख्नेस?

घसाऱ्यावरची:
नमस्कार मंडळी. मे च्या शेवटच्या आठवड्यात ग्रीसला चाललोय, त्यातले सहा दिवस क्रीट बेटावर. नवरा समुद्रवाला, मी डोंगरवाली, त्यामुळे तह असा झालाय की तीन दिवस त्याचे नि तीन माझे. माझ्या तीन दिवसांत एक तरी मोठं शिखर व्हायला हवं. वाचून एवढं कळलं की सगळ्यात उंच प्सिलोरीतिस, २४५६ मीटर, आणि पश्चिमेच्या लेफका ओरी रांगेतलं पाख्नेस त्याच्याहून फक्त दोन-तीन मीटरनी बुटकं. आकडे बघून वाटलं अरे हे तर जमेल, आपण सह्याद्रीत उन्हातान्हात वणवण केलेली माणसं. पण फोटोत सगळीकडे नुसता पांढरा दगड दिसतोय, एक झाड नाही, त्यामुळे जरा धास्ती वाटतेय. मे मधे बर्फ असतो का? वाटाड्या लागतो का? ई-फोर नावाची खुणांची वाट आहे म्हणतात ती भरवशाची आहे का? गाडी भाड्याने घेणार आहोत, नवरा चालवेल, पण कच्च्या रस्त्यावर घालायला तो तयार नाही. कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

कातळकडा:
मी दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात प्सिलोरीतिस केलाय, अनुभव लिहितो, लांबलं तर माफी.

पहिलं म्हणजे उंचीचा आकडा डोक्यातून काढून टाक. तिथं दमवतं ते पाणी, म्हणजे पाण्याचं नसणं. अख्खा डोंगर चुनखडीचा आहे, पाऊस पडला, बर्फ वितळलं की सगळं दगडाच्या भेगांतून खाली गडप. आपल्याकडे कसं, बेसाल्टच्या कातळात टाकं खोदलेलं असतं, गडावर पोचलं की पाणी मिळेल हे डोक्यात पक्कं असतं, ती सवय तिथं घात करते. किती खोल जातं पाणी याचा अंदाज हवा असेल तर लेफका ओरीत गुरगुथाकास नावाची गुहा आहे, १२०८ मीटर खोल, ग्रीसमधली सगळ्यात खोल. तर माणशी चार लिटर पाठीवर, यात तडजोड नाही. मी तीन नेलं होतं आणि उतरताना शेवटचा तास जीभ टाळ्याला चिकटली होती.

वाट: हेराक्लिओन शहरातून अनोया गाव साधारण तासाभराचं, तिथून वर निदाच्या पठारापर्यंत वीसेक किलोमीटर डांबरी रस्ता, त्यामुळे तुझ्या नवऱ्याची काळजी मिटली. पठार १४०० मीटरवर आहे. म्हणजे कागदावर हजार-अकराशे मीटरचा चढ, पण मधे एक खिंड ओलांडून कमावलेली उंची घालवावी लागते आणि पुन्हा चढावं लागतं, येताना तेच उलटं. जाऊन-येऊन आम्हाला साडेआठ तास लागले, फोटो-बिटो धरून. टोकावर तिमिओस स्तावरोस नावाचं चर्च आहे, चर्च म्हणजे दगडावर दगड रचून केलेली बुटकी खोपटीच, चुना-सिमेंट काही नाही, वाकून आत शिरायचं. वारा सुटला तर तेवढाच आडोसा. वरून हवा स्वच्छ असेल तर उत्तरेचा आणि दक्षिणेचा दोन्ही समुद्र एकाच वेळी दिसतात, तिथं मी दहा मिनिटं काही बोललोच नाही, बायकोने विचारलं बरं वाटतंय ना.

ई-फोरच्या खुणा म्हणजे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे खांब नि पत्रे. कुठे आहेत, कुठे वाऱ्याने पडलेत, कुठे गोळ्यांनी चाळण झालेत (तिकडे रस्त्यावरच्या पाट्यांवर नेम धरायची हौस आहे लोकांना, घाबरू नकोस, ट्रेकरवर नाही धरत). खांब दिसला नाही तर दगडांच्या लगोऱ्या बघायच्या. पण धुकं आलं की दोन्ही दिसत नाही, म्हणून फोनमधे वाटेचा जीपीएस ट्रॅक टाकून ठेव आणि अनावासी कंपनीचा कागदी नकाशा घे, तो खरंच चांगला आहे. वाटाड्या उघड्या हवेत लागत नाही असं माझं मत.

उंटावरचा_शहाणा:
प्सिलोरीतिसला सगळेच जातात. पाख्नेस कर. तिकडच्या गमतीदार भांडणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, लेफका ओरीवाल्यांना आपलं शिखर दोन मीटरनी मागे पडलेलं सहन होत नाही म्हणून जो वर जातो तो लगोरीवर एक दगड ठेवून येतो असं सांगतात, म्हणजे कधीतरी पुढे जाईलच. आणि वरचा भाग, ज्याला ते मादारेस म्हणतात, तो चंद्रावर गेल्यासारखा आहे, राखाडी-काळपट शंकू नुसते एकामागे एक. प्सिलोरीतिसला हे नाही.

कातळकडा:
@उंटावरचा_शहाणा, सगळं कबूल, पण पाख्नेसला जायचा सोपा मार्ग म्हणजे अनोपोलीहून वर चढणारा तो लांबलचक कच्चा रस्ता, जो दोन हजार मीटरपर्यंत नेतो आणि मग पुढे दोन-अडीच तास चाल. ताईंनी स्पष्ट लिहिलंय नवरा कच्च्यात गाडी घालणार नाही. आणि बरोबरच आहे त्याचं, भाड्याच्या गाडीचा विमा बहुतेक ठिकाणी कच्च्या रस्त्यावर चालत नाही, खालून दगड लागला की खिसा रिकामा. अनोपोलीपासून पायी म्हटलं तर मुक्कामच करावा लागेल, बिनपाण्याचा.

उंटावरचा_शहाणा:
मान्य. मी स्थानिक माणसाच्या पिकअपमधून गेलो होतो, हे लिहायला विसरलो 🙂

निवांत_काका:
वयाने मोठा म्हणून आगाऊपणा करतो. तुम्ही दोघं शिखरांची उंची मोजत बसलात, पण या मुलीकडे तीन दिवस आहेत आणि हवा कशी असेल ते कुणाला ठाऊक नाही. मी म्हणेन पहिल्या दिवशी गिंगिलोस. २०८० मीटर, म्हणजे कमी, पण क्रीटमधला मला सगळ्यात आवडलेला डोंगर तोच. पश्चिमेकडच्या हानिया शहरातून ओमालोसचं पठार चाळीसेक किलोमीटर, पठाराच्या टोकाला क्सिलोस्कालो, जिथून समारियाच्या घळीत उतरतात. सकाळी बसमधून शेकडो लोक तिथं उतरतात आणि सगळे डावीकडे घळीत गडप होतात, तुम्ही उजवीकडे वर वळायचं, दहा मिनिटांत आवाज बंद. पुढे झाडीतून, मग कड्याच्या पोटातून आडवी वाट, वाटेत एक नैसर्गिक नेढं (कातळातलं आरपार भोक) आहे, त्याच्या खालूनच वाट जाते. त्यानंतर लिनोसेलीचा झरा, आणि हा झरा म्हणजे त्या भागातलं दुर्मिळ पाणी, तिथं बाटल्या भरून घ्यायच्या. मग घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा निसरडा उतार. (तुझं नाव बघून हसू आलं.) नागमोडी चढत खिंडीत पोचलात की वारा असा थोबाडीत मारतो की टोपी धरावी लागते. खिंडीपासून वर हाताचा आधार घेत कातळावरून चढणं, लाल ठिपके रंगवलेत ते सोडायचे नाहीत. अवघड म्हणणार नाही पण उंचीची भीती असेल तर खिंडीतून परत फिरावं, तिथपर्यंतचंही सार्थक आहे. चढायला तीनेक तास धर.

हा केलास की चुनखडीवर पाय कसे पडतात ते कळेल, दगड सुरीसारखे धारदार असतात, पातळ सोलचे बूट दोन दिवसांत फाटतील. मग हवा बघून प्सिलोरीतिस.

बर्फाचं, मे अखेरीस उत्तरेच्या उतारांवर नि खळग्यांत पट्टे राहतात. सकाळी ते काचेसारखे टणक असतात. वळसा घालता आला तर घालायचा, नाही तर परत. लेफका ओरी म्हणजे पांढरे डोंगर, हिवाळ्यात बर्फाने पांढरे, उन्हाळ्यात चुनखडीने.

घसाऱ्यावरची:
काका, कातळकडा, शहाणे, तिघांचे आभार. काकांचा प्लॅन नवऱ्याला वाचून दाखवला तर तो म्हणतो तू गिंगिलोसला जा, मी घळीत उतरतो. समारिया त्याला जमेल का? पोहणारा आहे, चालणारा नाही.

निवांत_काका:
जमेल, पण गुडघे बोलतील. सोळा किलोमीटर, आणि साडेबाराशे मीटरवरून थेट समुद्रापर्यंत उतार. सर्वात अरुंद जागी भिंती तीन-चार मीटरवर आल्यात आणि वर तीनशे मीटर उभ्या. घळीत पाण्याच्या जागा आहेत, त्यामुळे त्याला तुझ्याएवढं ओझं नको. मात्र एक लक्षात ठेवा, खाली समुद्रकाठच्या आगिया रुमेली गावाला रस्ताच नाही. बोटीने सूगिया नाही तर होरा स्फाकिओनला जायचं आणि तिथून बस. म्हणजे तो एकीकडे, तू दुसरीकडे, गाडी ओमालोसला. गाडीची किल्ली कोणाकडे राहणार हे सकाळीच ठरवा, आमच्याकडे यावरून मोठं महाभारत झालं होतं. आणि खूप वारा-पाऊस असेल तर घळ बंद ठेवतात, आदल्या संध्याकाळी चौकशी करा.

कातळकडा:
अजून एक राहिलं. मेंढपाळांची जाळीची फाटकं लागतील, उघडली की परत लावायची, तारेने बांधलेली असतील तर तशीच बांधायची. कुत्री भुंकतील, काठी उगारू नका, लांबून वळसा.

घसाऱ्यावरची:
(जूनमधला अपडेट, उशीर झाला) जाऊन आलो! गिंगिलोस झाला, अगदी टोकापर्यंत, काका तुम्हाला दंडवत. नेढ्याखाली उभं राहून फोटो काढला आणि खिंडीत टोपी उडाली ती उडालीच, आता दक्षिणेच्या कड्यावर कुठल्यातरी रानबोकडाच्या डोक्यावर असेल. वर एक प्रचंड मोठं गिधाड, खालून पोट नारिंगी, इतक्या जवळून गेलं की पंखांचा आवाज आला. खाली आल्यावर कळलं की ते हाडं खाणारं गिधाड, हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं, ग्रीक लोक त्याला कोकालास म्हणतात, म्हणजे हाडवालाच की.

प्सिलोरीतिस मात्र झाला नाही. निदाला सकाळी साडेसहाला चालायला सुरुवात केली, नवरा पण आला (समारियानंतर दोन दिवस जिने उलटे उतरत होता तरी आला, त्याबद्दल मार्क). झ्यूस या ग्रीक देवाला लहानपणी लपवून वाढवलं म्हणतात ती इदेची गुहा वाटेवर वर दिसते, येताना बघू म्हटलं. खिंड ओलांडली, उतरलो, परत चढायला लागलो आणि दक्षिणेकडून ढग असे आले की वीस मिनिटांत पुढचा खांब दिसेना. ट्रॅक होता फोनमधे, पण बरोबर तिथेच बर्फाचा एक तिरका पट्टा, साठ-सत्तर पावलांचा, कडक, आणि खाली कुठे संपतोय ते दिसत नाही. मी अर्धा तास थांबले. रडू आलं, खोटं कशाला बोलू. मग फिरलो.

उतरताना पठाराजवळ एका मितातोपाशी म्हातारे मेंढपाळ बसले होते. मितातो म्हणजे त्यांचा दगडी वाडा, घुमटासारखा गोल, हाही बिनचुन्याचा, आत चीज करतात. भाषा शून्य. त्यांनी डोंगराकडे हात केला, मग हाताने ढग दाखवला, मग मान हलवली, म्हणजे बरं केलंत असं असावं. चीजचा हा एवढा तुकडा आणि सकाळी साडेअकराला राकीचा, म्हणजे तिकडच्या दारूचा ग्लास. पैसे देऊ केले तर रागावले. नवरा म्हणाला असे डोंगर असतील तर मी रोज येतो.

पठारावर जमिनीत आडव्या मांडलेल्या दगडांची एक भलीमोठी मानवाकृती आहे, वरूनच नीट कळते, ती पण बघितली. एका जर्मन कलाकार बाईंनी गावातल्या मेंढपाळांना घेऊन केलीय. १९४४ साली जर्मन सैन्याने अनोया गाव जाळून जमीनदोस्त केलं होतं हे माहीत असल्यावर त्या दगडांकडे वेगळंच बघितलं जातं. गुहा राहिलीच, पाऊस सुरू झाला.

उंटावरचा_शहाणा:
फिरलात ते उत्तम केलंत. आणि पाख्नेसवाला पिकअपचा सल्ला अजून कायम आहे.

नवीन_पाखरू:
ताई, मी सप्टेंबरमधे जातेय, एकटी. गिंगिलोस एकटीने करू का? गाडी नाहीये.

घसाऱ्यावरची:
खिंडीपर्यंत नक्की कर, वाट मळलेली आहे, मला त्या दिवशी आठ-दहा माणसं भेटली. खिंडीच्या वर एकटीने जायचं की नाही ते तिथं बघून ठरव, कातळावर चढताना सोपं वाटतं, उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. सप्टेंबरमधे बर्फाचा प्रश्नच नाही, पण झरा बारीक झालेला असू शकतो म्हणून पाणी खालूनच पूर्ण भरून ने. हानियाहून सकाळची बस आहे पण ती मुख्यतः घळीत उतरणाऱ्यांसाठी, ते परत वर येत नाहीत ना, त्यामुळे ओमालोसहून संध्याकाळची परतीची बस आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन स्वतः विचारून घे. निघताना राहतेस तिथं सांगून जा, आणि ११२ नंबर लक्षात ठेव. टोपीला नाडी लाव.