ड्रेज: एनसायक्लोपीडिया भरायचाय, पुढची खरेदी काय करू?

धुकंवाला: मंडळी, ड्रेज खेळतोय, तो बोटीतून मासे धरायचा भीतीदायक व्हिडिओ गेम. सुरुवातीच्या ग्रेटर मॅरो गावाच्या आसपासचे दिवसाचे मासे बऱ्यापैकी झाले, पण एनसायक्लोपीडियात, म्हणजे गेममधल्या माशांच्या नोंदवहीत, अजून पानंच्या पानं न पकडलेल्या माशांच्या काळ्या आकृत्या आहेत. उथळ पाणी आणि किनारा एवढंच चालतं सध्याच्या रॉडवर. पैसे एका छोट्या वस्तूपुरते आहेत, नवीन सामान खुलं करायला लागणारे रिसर्च पार्ट दोनच, आणि रोज जेमतेम अर्धा तास खेळायला मिळतं. कथा सावकाश होईल, मला मासे गोळा करायचेत. काय घेऊ?

गळबहाद्दर: ओशनिक रॉड. दुसरा विचारच नको. खोल पाण्यातले मासे एकेक भारी किमतीला जातात, पैसे आपोआप येतात, मग आणखी खोल पाण्याचा हेडल रॉड घ्या, मग व्होल्कॅनिक रॉड घेऊन डेव्हिल्स स्पाइन या भागात जा. माझी सगळी पानं भरली अशीच.

फुल्लस्पीड: रॉड नंतर हो, आधी इंजिन! या गेममध्ये घड्याळ बोट हलली की, गळ टाकला की किंवा ड्रेजिंग केलं (पाण्याखालचा माल वर काढला) की पुढे सरकतं, नुसतं उभं राहिलात तर थांबलेलं असतं. म्हणजे हळू बोट असली की अख्खा दिवस येण्याजाण्यातच जातो आणि परत येईपर्यंत मासा शिळा, भाव पडलेला. मी दोन इंजिनं लावली तेव्हा कुठे लांबचा स्टेलर बेसिन भाग एका दिवसात जाऊन येण्यासारखं झालं.

धुकंवाला: दोन इंजिनांचे पैसे असते तर विचारलंच नसतं दादा 🙏

निशाचर: रॉड आणि इंजिन दोन्ही राहू द्या जरा. निघायच्या आधी एनसायक्लोपीडिया उघडा, प्रत्येक माशासमोर विभाग कुठला, पाणी कुठलं आणि दिवस का रात्र ते दिलेलं असतं. तुम्ही म्हणताय दिवसाचे झाले, मग आहे त्याच रॉडवर रात्रीचे शिल्लक असणार! स्क्विड, ईल हे बहुतेक अंधार पडल्यावरच येतात. संध्याकाळ होईपर्यंत धक्क्यावर झोपा, उठून जवळच्याच जागा फिरा, बोटीचा लाइट चालू ठेवा म्हणजे पॅनिक (अंधारातली घबराट) हळू चढतं. पॅनिक दाखवणारा स्क्रीनवरचा डोळा गरगरायला लागला की परत येऊन झोपायचं, ते उतरतं.

दिवसाउजेडी: नवीन माणसाला रात्री पाठवू नका हो. माझी बोट भरलेली होती, पॅनिक चढलेलं, समोर अचानक खडक, धाडकन आदळलो, ज्या कप्प्याला मार बसला तिथला मासा पाण्यात आणि रॉडही निकामी. पॅनिकमध्ये पक्षी येऊन मासे पळवतात ते वेगळंच. एवढं करण्यापेक्षा सेटिंगमध्ये पॅसिव्ह मोड आहे तो लावा, काही अंगावर येत नाही.

गळबहाद्दर: पॅसिव्ह मोडमध्ये मजा काय राहिली? गेल क्लिफ्स भागातल्या चिंचोळ्या वाटेत ते जनावर मागे लागतं तेव्हा जो थरार येतो त्यासाठीच हा गेम आहे.

दिवसाउजेडी: तुमच्यासाठी असेल. दिवसभर काम करून अर्धा तास मिळणाऱ्याला शांतपणे मासे धरायचे असतील तर त्यात कमीपणा कसला? गेम बनवणाऱ्या ब्लॅक सॉल्टवाल्यांनी विचार करूनच दिलाय ना तो मोड.

फुल्लस्पीड: चांगलं इंजिन असेल तर ते जनावर गाठतच नाही, म्हणून म्हणतोय इंजिन घ्या.

कप्पेबाज: विषय कुठे चाललाय. धुकंवाला, एक गोष्ट कुणी सांगितली नाही, गळ टाकल्यावर हिरव्या पट्ट्यात बटण चुकलं तरी मासा सुटत नाही, फक्त वेळ जास्त जातो. त्यामुळे घाईघाईत बटणं बडवू नका. दुसरं, दुर्बीण वापरा, पाण्यावर बुडबुडे दिसले की लांबूनच बघायचं काय आहे ते, आधीच पकडलेला असेल तर तिकडे बोट वळवायचीच नाही. आणि कार्गोत, म्हणजे बोटीच्या माल ठेवायच्या कप्प्यांत, आधीपासून जागा मोकळी ठेवा. मोठा मासा आडवा बसत नाही म्हणून फिरवून फिरवून बघावा लागतो, तेवढ्यासाठी कोपऱ्यात एल आकाराची जागा सोडायची सवय मी लावून घेतलीये, बारके मासे भिंतीला चिकटवून ठेवायचे.

जाळंवाली: ट्रॉल नेट, म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं, कुणी कसं सुचवलं नाही?? बोट चालत असताना आपोआप भरतं, वाटेत थांबायलाच नको. अर्धा तासवाल्यांसाठी हेच. फक्त जाळं झिजतं, दुरुस्ती करत राहायची. क्रॅब पॉटच्या (खेकडे धरायच्या सापळ्यांच्या) नादी मात्र लागू नका, तेही झिजतात आणि कुठे टाकलेत तिथे परत जावं लागतं.

गळबहाद्दर: पॉट म्हणजे वेळेचा अपव्यय, बरोबर बोललात. पण जाळ्यापेक्षा ओशनिक रॉड.

निशाचर: त्याला परवडत नाहीये ओशनिक रॉड, पहिली पोस्ट वाचा. रात्रीच्या माशांना काही विकत घ्यावं लागत नाही.

धुकंवाला: ते विकृत मासे कसे मिळवायचे? तीन डोळेवाला एकच मिळालाय आत्तापर्यंत.

कप्पेबाज: साध्या माशाच्या जागेवरच मधूनच येतात, दिवसाही. विकले तर साध्यापेक्षा जास्त पैसे. त्यामुळे त्यांच्या मागे न लागता साधी पानं भरत राहा, तेही भरत जातात.

धुकंवाला: सगळ्यांचे मनापासून आभार. काल क्रॅब पॉटच घेतले 😀 तुम्ही सगळे नको म्हणालात पण माझं गणित असं की खेकड्यांची नोंद त्याच एनसायक्लोपीडियात होते आणि ते रॉडला येतच नाहीत, मग कधीतरी पॉट घ्यावेच लागणार. स्वस्तही पडले. एक उथळ पाण्यात टाकला, एक जरा खोलात, म्हणजे वेगवेगळे मिळतील. धक्क्यावर झोपलो, सकाळी जाऊन उचलले तर दोन नवीन आकृत्या उघडल्या, गळ टाकायला वेळच गेला नाही. आज निशाचर म्हणाले तसं स्क्विडला जाणार, लाइट आहे एक जुना. पॅसिव्ह मोड सध्या नको, बघू.

जाळंवाली: पॉट उचलले की दुरुस्त करूनच परत टाका, झिजलेला टाकलात तर मधेच संपतो.

फुल्लस्पीड: आणि लांब टाकणार असाल तर इंजिन लागेलच.