दहा-बारा वर्षांच्या मुलांना संक्षिप्त कादंबऱ्या द्याव्यात का?

दीपस्तंभ:
या वयाच्या मुलासाठी कादंबरी विचारली की हमखास उत्तर येतं, 'अमुकची संक्षिप्त आवृत्ती द्या.' माझा याला ठाम विरोध आहे.

स्टीव्हन्सनची चाच्यांच्या खजिन्याची कादंबरी 'ट्रेझर आयलंड' (१८८३) बघा. जहाजावरचा मुलगा जिम सफरचंद घ्यायला पिंपात उतरतो. पिंप जवळपास रिकामं, आत अंधार, जहाजाच्या डोलण्याने त्याला पेंग यायला लागते. तेवढ्यात कुणीतरी पिंपाला टेकून धपकन बसतं आणि जहाजाचा स्वयंपाकी सिल्व्हर याचा आवाज ऐकू येतो. तो एका तरुण खलाशाला फितवत असतो. जिमला खूश करताना त्याने जे गोड शब्द वापरले होते, तेच शब्द आता त्या पोराला! खरा घाव तिथे बसतो. साठ-सत्तर पानी आवृत्तीत याचं 'जिमने पिंपात लपून कट ऐकला' एवढंच होतं. मुळात तो लपलेला नसतोच. त्याआधीच्या प्रकरणांतला प्रेमळ, गप्पिष्ट सिल्व्हर कापला गेला, तर तो उलटल्याचं मुलाला काय वाटणार? शिवाय पुढे मूळ पुस्तक हातात आलं तरी 'हे वाचलंय' म्हणून ते बाजूला पडतं.

मधली सुट्टी:
अजिबात पटलं नाही. त्याच कादंबरीत ३४ प्रकरणं आहेत आणि शिडं, डोलकाठ्या, दोरखंड यांची खलाशी भाषा ठासून भरलेली आहे. सवय नसलेलं मूल चौथ्या प्रकरणात अडकतं आणि 'मला वाचता येत नाही' असं स्वतःविषयी ठरवून टाकतं. हे नुकसान जास्त मोठं.

आणि 'गलिव्हर'चं काय? १७२६ सालचं ते पुस्तक मोठ्यांसाठी लिहिलेलं, बोचरं. त्यात चार सफरी आहेत. मुलांच्या आवृत्त्यांत बहुधा बुटक्यांची आणि राक्षसी माणसांची अशा दोनच ठेवतात. तेवढ्यावर ते पुस्तक मुलांचं झालं. न कापता ते दहा वर्षांच्या मुलाला कसं देणार?

शाईचा डाग:
दोघंही एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी धरताय. एका संक्षेपात लेखकाची वाक्यं तशीच ठेवून मधले भाग गाळलेले असतात. दुसऱ्यात कुणीतरी गोष्ट आपल्या शब्दांत नव्याने सांगतं. पहिला प्रकार बऱ्याचदा चांगला निघतो, दुसरा क्वचितच.

ओळखायला सोपं आहे. संक्षेप करणाऱ्याचं नाव छापलंय का बघा. मग मधलं कुठलंही पान उघडा. संवाद आहेत की नुसतं 'मग तो गेला, मग त्याला भेटला' चाललंय? पानभर एकही माणूस बोलत नसेल तर ठेवून द्या.

दीपस्तंभ:
'गलिव्हर'बाबत मान्य, तो अपवाद धरतो. पण वाक्यं तशीच ठेवूनही कापाकापी अंगाशी येते. ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा'मध्ये पैज लावून निघालेल्या फॉगचा नोकर पासपार्तू आपलं घड्याळ लंडनच्या वेळेवरच ठेवतो. सुएझला फिक्स हा गुप्तहेर त्याला ते दोन तास मागे असल्याचं सांगतो, तरी तो काटे हलवत नाही. पुढे पॅसिफिकमध्ये तेच घड्याळ जहाजाच्या घड्याळाशी जुळतं आणि तो खूश होतो. प्रत्यक्षात तेव्हा बारा तासांचा फरक पडलेला असतो, फक्त तबकडीवर तो दिसत नाही. हे दोन्ही प्रसंग किरकोळ वाटतात, म्हणून आधी कात्री लागते ती त्यांनाच. मग शेवटी पैज जिंकून देणारा जादा दिवस मुलाला लबाडी वाटतो. पूर्वेकडे जाताना रेखांशाच्या प्रत्येक अंशाला स्थानिक वेळ ४ मिनिटं पुढे, ३६० अंशांना २४ तास, हा हिशेब त्या घड्याळामुळेच मनात रुजतो.

मधली सुट्टी:
घड्याळाचा मुद्दा बिनतोड आहे. तरी वाचन न रुळलेल्या मुलाचा प्रश्न तसाच राहतो. त्याला आज काय द्यायचं?

शाईचा डाग:
मुळातच लहान असलेली पूर्ण कादंबरी! मोठी कापून कशाला द्यायची? डुक्कर आणि कोळिणीच्या मैत्रीची गोष्ट 'शार्लट्स वेब', तिची २२ छोटी प्रकरणं आहेत आणि त्यात मृत्यूही आहे, अजिबात न लपवलेला. जपानी शाळकरी मुलीच्या आठवणींच्या 'तोत्तोचान'ची प्रकरणं इतकी आटोपशीर की एका बैठकीत दोन-तीन होतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर पहिल्या पानापासून पळत सुटतो. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' बारा-तेराच्या पुढे द्या. त्या कथा आहेत, पण लंपन हा मुलगा सगळीकडे असल्यामुळे कादंबरीसारख्या वाचल्या जातात. लंपनची बोली कानाला लागेपर्यंत पहिली कथा मोठ्याने वाचून दाखवावी लागते. मिलिंद बोकिलांची 'शाळा' चौदाच्या आधी नको. विषय वाईट आहे म्हणून नव्हे, नववीतल्या मुलाची ती घालमेल त्याआधी कळतच नाही.

आणि मोठी कादंबरी द्यायचीच असेल तर पहिली तीन-चार प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा, रोज वीस मिनिटं. प्रसंग संपल्यावर थांबू नका, मध्येच थांबा. सिल्व्हर पिंपाला टेकून बसला की पुस्तक मिटायचं आणि समोरच ठेवून द्यायचं. व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीत माशांच्या जातींच्या लांबलचक याद्या येतात, त्या वाचताना खुशाल गाळा. छापील पुस्तकात त्या असतातच, हवं तेव्हा मूल परत जाऊ शकतं.

दीपस्तंभ:
हे मला चालेल. यात एक भर. राम पटवर्धनांचा अनुवाद 'पाडस' तेरा-चौदाला देताना आधीच सांगा, की पाडस बरंच उशिरा येतं. आधी अस्वलाची शिकार आहे, जंगल आहे, घरातली ओढाताण आहे. नावावरून हरणाची गोष्ट समजून बसलेलं मूल पन्नास पानांत कंटाळतं. 'आधी अस्वल आहे' एवढं सांगा. शेवटाबद्दल मात्र अवाक्षरही काढू नका.