मधाने धमन्या साफ होतात का?

धागा: माझ्या वडिलांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून धमन्या साफ राहाव्यात म्हणून ते रोज सकाळी गरम पाण्यातून दोन मोठे चमचे मध घेतात, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये १८ चाचण्यांचा, म्हणजे सुमारे ११०० लोकांवरील नोंदींचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात मध घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर व एलडीएल (‘वाईट’ म्हटले जाणारे) कोलेस्टेरॉल थोडे उतरल्याचे दिसले. आयुर्वेदानेही मधाला ‘लेखन’, म्हणजे खरवडून काढण्याचा, गुण सांगितला आहे.

प्रतिसाद १: ‘खरवडणे’ या शब्दानेच सारा घोळ होतो. धमनी म्हणजे गाळ साचलेला नळ नव्हे. चरबीचा थर तिच्या आतल्या अस्तराखाली, भिंतीतच साठतो, आणि पोटात गेलेला मध रक्तात पोहोचतो तो मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊन. तुम्ही सांगितलेल्या आढाव्यात तपासले गेले ते रक्तातील घटक, आणि तेही साधारण आठ आठवड्यांपुरते. शिवाय आयुर्वेदाचाच दाखला द्यायचा, तर मध गरम करू नये, असेही तोच बजावतो.

प्रतिसाद २: इतके तुटून पडण्याचे कारण नाही. त्याच आढाव्यात कच्च्या आणि एकाच फुलोऱ्याच्या मधाचा परिणाम अधिक चांगला आढळला. महाबळेश्वरजवळच्या मांघरसारख्या मधाच्या गावातून खात्रीचा, किंचित कडवट जांभूळ मध आणून साखरेऐवजी वापरला, तर बिघडते कुठे?

प्रतिसाद १: ‘साखरेऐवजी’ असेल, तर माझी हरकत बरीच कमी होते. मात्र तो चांगला परिणाम रॉबिनिया (एक परदेशी झाड) आणि क्लोव्हर (चाऱ्याचे एक रोप) यांच्या मधाचा होता, आणि बाजारात ‘अकेशिया’ नावाने विकला जाणारा रॉबिनियाचा मध म्हणजे आपल्या बाभळीचा मधही नव्हे. मग तो निष्कर्ष जांभळाला परस्पर कसा लावता येईल? जागतिक आरोग्य संघटना मधातील साखर मोकळ्या साखरेतच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्या गटातच, धरते आणि ती शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा, असे सुचवते. मधाचा सुमारे ८० टक्के भाग साखरच असतो.

धागालेखक: आज वडिलांचा चमचा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला. काठोकाठ भरला की २२ ग्रॅम मध बसतो, म्हणजे दोन चमच्यांत साधारण ३५ ग्रॅम साखर झाली. आणि चहातली साखर त्यांनी अजून सोडलेली नाही. पुढच्या तपासणीला हा आकडा डॉक्टरांसमोर ठेवणार आहे.