फोर्क रंगवताना टेप कुठे लावायची
बाइकचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, कसा रंगवायचा असं विचारलं की "घासून थेट स्प्रे मारा" असा सल्ला मिळतो. हे लोखंडी स्टँडवर एकवेळ खपेल, फोर्कच्या खालच्या ॲल्युमिनियम नळ्यांवर नाही. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो आणि रंग पापुद्र्यांनी निघतो. थिनरने तेल पूर्ण काढा, 320 च्या पेपरने घासा, लगेच एच प्रायमरचा (धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा आम्लयुक्त प्रायमर) पातळ हात द्या.

सहसा कोणी न सांगणारी गोष्ट: कॅलिपर (डिस्क ब्रेकची पकड) बसतो ती जागा, ॲक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) क्लॅम्प आणि बोल्टचे आटे यांवर टेप लावा. तिथला रंग दाबाखाली चेपतो आणि घट्ट केलेला बोल्ट ढिला पडतो. ब्रेकच्या बाबतीत हे अजिबात परवडणारं नाही! ब्रेक ऑइलने साधा स्प्रे विरघळतो, म्हणून शेवटी टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारा. मात्र त्यात आयसोसायनेट हे श्वासातून घातक ठरणारं रसायन असतं; कापडी मास्कवर भागत नाही.